मुंगूस, कावळा आणि चांदवडचा माळ

चांदवडच्या किल्ल्याखालून मुंबई-आग्रा रस्ता राहुड घाटाकडे निघतो, तिथे सातमाळा रांगेच्या पायथ्याशी मुरमाड माळ पसरले आहेत. सरकारी दप्तरात अशा जमिनीला बहुधा पडीक म्हणतात. उन्हाळा लागताच याच मुरमात टिटवी बोटभर खळगा उकरते, कडेने खडे मांडते आणि त्यात चार ठिपकेदार अंडी घालते. दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही ती दगडांतून वेगळी ओळखता येत नाहीत. धाविक, पखुर्डी, डोंबारी, तितर, लावा हे तिचे शेजारीही असेच उघड्या जमिनीवर संसार मांडणारे. कोल्हा, खोकड, लांडगा आणि मुंगूस यांनी ही घरटी हजारो वर्षे लुटली, तरी पक्षी टिकले; कारण या शिकाऱ्यांची संख्या माळ जेवढी पोसू शकेल तेवढीच राहत असे. माळावर टोळीने उतरणाऱ्या भटक्या कुत्र्यांचे तसे नाही. त्यांचे पोट गावावर भरते आणि शिकार माळावर होते, त्यामुळे पक्षी संपले तरी कुत्री उपाशी मरत नाहीत.

यावर ‘पकडा आणि हलवा’ हा उपाय आज सर्वत्र सुचवला जातो. तो चूक नाही. पण माणसाने एक प्राणी पकडून दुसरा वाचवण्याचा, किंवा एक प्राणी आणून दुसरा आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न याआधी अनेकदा केला आहे, आणि त्या प्रयत्नांचा हिशेब न मांडता नवा पिंजरा विकत घेणे महागात पडेल.

राज्यसत्तेने हा विषय हाती घेतल्याचा आपल्याकडचा अतिशय जुना लेखी पुरावा अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरवलेल्या या आज्ञेत पोपट, साळुंकी, चक्रवाक, हंस अशा अवध्य प्राण्यांची यादी आहे. तिच्याइतकाच महत्त्वाचा पुढचा मजकूर आहे : जीव असलेला भुसा जाळू नये, विनाकारण रानाला आग लावू नये, आणि एका जीवावर दुसरा जीव पोसू नये. मारण्याच्या प्रश्नाशेजारीच पोसण्याचा प्रश्न त्या लेखाने ठेवला होता. चांदवडच्या डोंगरात जैन लेणे कोरणाऱ्या परंपरेने अहिंसेचा विचार पुढे शतकानुशतके जपला. पोसण्याची जबाबदारी मात्र त्या विचारातून हळूहळू गळत गेली, असे मला वाटते.

1818 मध्ये होळकरांचे चांदवड कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात त्याच सुमारास, 1809 ते 1829 या काळात, रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. आज साऱ्या देशात तेवढे माळढोक उरलेले नाहीत. या राजवटीने जंगली जनावरांच्या डोक्यावर इनामे लावली, लांडग्याला उपद्रवी ठरवले, आणि मुंबईत भटक्या कुत्र्यांमागे आठ आण्यांचे बक्षीस ठेवले. 1832 च्या जूनमध्ये या बक्षिसाच्या लोभाने शिपायांनी घरांतली कुत्रीही मारल्याचा आरोप झाला, पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापाऱ्यांनी साथ दिली, बाजार बंद पडले, कोटातल्या इंग्रजांची रसद अडली आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. काठी आणि करुणा हे दोन्ही पक्ष आजच्या वादात जसेच्या तसे समोरासमोर उभे आहेत. शहराच्या उकिरड्यावर ही कुत्री वाढतात कशी, हा प्रश्न त्या वेळीही दोन्ही बाजूंनी मागेच राहिला आणि आजही मागेच आहे.

याच शतकात आपले दोन प्राणी जगाच्या सफरीला निघाले. 1872 मध्ये विल्यम बँक्रॉफ्ट एस्प्यूट या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकाला नेली, उसातले उंदीर मारण्यासाठी. उंदीर थोडे कमी झाले. मग मुंगसांनी जमिनीवर आणि बिळांत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांकडे मोर्चा वळवला. तिथला समुद्री पेट्रेल पक्षी आज नामशेष झाला असावा असेच मानले जाते. जमैकाचा धडा समोर असूनही 1883 मध्ये मुंगसे हवाई बेटांवर नेली गेली आणि तिथला नेने हंस जमिनीवर घरटे करण्याची किंमत मोजू लागला. दुसरा प्रवासी आपला गावकावळा. 1890 च्या दशकात तो झांझिबारला नेला गेला, शहरातला कचरा खाण्यासाठी. तिथून तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला, स्थानिक पक्ष्यांची घरटी फोडू लागला, आणि 2024 मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याला दहा लाख कावळे मारण्याची योजना जाहीर करावी लागली. कचरा उचलण्याचे काम कावळ्यावर सोपवणाऱ्या सत्तेच्या निर्णयाची वसुली सव्वाशे वर्षांनी दुसऱ्याच देशाकडून होते आहे. चांदवडच्या बांधावरचे मुंगूस आणि जमैकातले मुंगूस एकाच कुळातले. इथे ते माळाच्या हिशेबातले आहे, तिथे ते त्या हिशेबाबाहेरचे. दोष जनावराच्या जातीला चिकटवणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

न्यूझीलंडने सशांच्या बंदोबस्तासाठी 1880 च्या दशकात युरोपातून स्टोट आणि फेरेट हे मुंगसासारखे शिकारी आणले, पक्षिशास्त्रज्ञांचे इशारे धुडकावून. 1894 पासून रिचर्ड हेन्री या एकट्या राखणदाराने शेकडो काकापो पोपट आणि किवी रिझोल्यूशन बेटावर होडीने नेऊन सोडले. 1900 मध्ये स्टोट पोहत तिथेही पोहोचला आणि हेन्रीची सारी मेहनत बुडाली. आज तो देश 2050 पर्यंत उंदीर, पॉसम आणि स्टोट यांपासून मुक्त होण्याचा संकल्प घेऊन गावोगावी सापळे लावतो आहे. जपानच्या आमामी बेटाचे उदाहरण त्याहून बोलके. हाबू जातीचा विषारी साप संपवण्यासाठी 1979 मध्ये तिथे सुमारे तीस मुंगसे सोडली गेली. साप निशाचर, मुंगूस दिवसा फिरणारे, त्यांची गाठ क्वचितच पडे. मुंगसे हजारोंनी वाढली, दुर्मीळ ससे आणि पक्षी खाऊ लागली. 2000 पासून सरकारने सापळ्यांचे जाळे विणले, प्रशिक्षित पथके आणि वास काढणारी कुत्री कामाला लावली. शेवटचे मुंगूस 2018 मध्ये सापडले. तरीही शोध सहा वर्षे चालू ठेवूनच सप्टेंबर 2024 मध्ये निर्मूलन जाहीर झाले. तीस जनावरांची चूक निस्तरायला जवळपास पाव शतक लागले, तेही समुद्राने वेढलेल्या बेटावर.

आमामीवर मुंगसे सोडली गेली त्याच 1979 साली महाराष्ट्राने माळढोकासाठी सोलापूर-नगर भागात 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर केले. लोकवस्तीसह आखलेली ही सीमा पुढे सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसली, आणि त्यातल्या नान्नजचे माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. त्याच दरम्यान आकाशातला सफाई कामगार मेला. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे 1990 च्या दशकापासून पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली. कारण 2004 मध्ये उलगडले, पशुवैद्यकीय वापरावर बंदी 2006 मध्ये आली. तोवर मेलेल्या ढोरांचे मांस कुत्र्यांच्या वाट्याला गेले होते. 1992 ते 2003 या काळात देशातली कुत्री किमान 55 लाखांनी वाढली असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर आणि हरसूलच्या खोरीपाड्यात गिधाडे पुन्हा जगवण्याची धडपड चालली आहे, ती म्हणूनच मला टिटवीच्या घरट्याचीही राखण वाटते. आपण एक पक्षी घालवला, त्याचे ताट कुत्र्यासमोर वाढले, आणि आता तीच कुत्री दुसऱ्या पक्ष्यांवर धावतात.

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत कुत्र्यांनी हल्ले केलेल्या 80 वन्य प्रजातींची नोंद झाली; त्यांतल्या 31 धोक्यात आलेल्या होत्या. कायदा मात्र शहराच्या गल्लीकडे पाहून लिहिलेला आहे. 2001 चे आणि नंतर 2023 चे नियम सांगतात की कुत्रा पकडावा, निर्बीज करावा, लस टोचावी आणि जिथून उचलला तिथेच सोडावा. येवल्यातल्या ममदापूरच्या काळवीट राखीव क्षेत्राच्या किंवा निफाडमधल्या नांदूरमध्यमेश्वरच्या कडेला पकडलेला कुत्रा पुन्हा तिथेच सोडणे म्हणजे पुढच्या विणीवर त्याला सोडणे. नांदूरमध्यमेश्वर तर महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला, तेव्हा देशभर शाळा, रस्ते, रेबीज यांवर चर्चा झाली. ती रास्तच होती. माळाचे नाव त्या चर्चेत क्वचितच कोणी घेतले.

आमामीला समुद्राची सीमा होती, चांदवडला नाही. इथे दहा कुत्री हलवली तर महामार्गावरच्या ढाब्यांचे खरकटे, कोंबडीच्या दुकानांमागचा कचरा, पोल्ट्रीतून फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या आणि गावाबाहेर ओढून टाकलेली ढोरे दुसऱ्या दहांना बोलावतील. म्हणून पकडणे आवश्यक असले तरी ते दुसऱ्या क्रमांकाचे काम आहे. पहिले काम ग्रामपंचायतीचे आणि नगर परिषदेचे : मेलेल्या कोंबड्यांसाठी झाकलेले खोल खड्डे, ढोरे पुरण्याची ठरलेली जागा, आणि ढाब्यांच्या कचऱ्याची रोजची उचल. मेंढपाळांच्या राखणीच्या कुत्र्यांना लस आणि पट्टा द्यावा. ती कळपासोबत राहतात, त्यांना भटक्यांत मोजणे अन्याय होईल. अभयारण्यांच्या आणि राखीव माळांच्या कडेला मात्र पकडलेले जनावर परत न सोडण्याची मुभा नियमांत स्पष्ट शब्दांत हवी, आणि सांभाळण्यासाठी पांजरापोळांना सरकारने पैसे द्यावेत. अर्धरानटी कुत्री नगरपालिकेच्या गाडीला सहसा सापडत नाहीत. माळाची खडान्खडा माहिती फासेपारध्यांना आहे, त्यांच्या फासे-वाघुरींच्या विद्येवर इंग्रजी कायद्याने गुन्ह्याचा शिक्का मारला होता. वाशिम-अकोल्याकडे तणमोर पक्षी राखण्याच्या कामात त्यांनी हात दिला आहे, तसाच तो इथेही सन्मानाने आणि मजुरी देऊन मागता येईल.

टिटवीची वीण मार्चपासून पावसाळ्यापर्यंत चालते. चांदवड, येवला आणि निफाड या तिन्ही तालुक्यांनी खड्ड्यांच्या जागा आणि कुत्री पकडण्याचे वेळापत्रक 26 जानेवारीच्या ग्रामसभांमध्ये ठरवले, तर येत्या हंगामातल्या घरट्यांना त्याचा उपयोग होईल.