सर्व्हर, ओटीपी आणि मुलांची शिष्यवृत्ती



अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या आपल्या मुलांना मिळणारी भारत सरकारची शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. १९४४ साली ती सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आज तिचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो. कागदी फॉर्म गेला आणि त्याच्या जागी इंग्रजी शब्द आले. आमच्या सास्तूरसारख्या गावात आईबाप मजुरीवर जगतात. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ एवढे ऐकले की एक दिवसाचा रोज बुडतो. शब्दाचा अर्थ कळला नाही की माणूस दुसऱ्याच्या भरवशावर राहतो. म्हणून या वेळी हे शब्दच समजून घेऊ.

सर्व्हर : आपण भरलेला अर्ज सेवा केंद्रातल्या संगणकात राहत नाही. दूर कुठेतरी रात्रंदिवस चालू असणाऱ्या मोठ्या संगणकात तो जाऊन साठतो. तो सर्व्हर. त्याच्यापर्यंत नेणारा रस्ता म्हणजे इंटरनेट. शेवटच्या तारखेला सारा महाराष्ट्र एकदम आत शिरू पाहतो, तेव्हा यात्रेच्या दिवशी एसटीच्या दाराशी होते तशी कोंडी होते. हेच ‘सर्व्हर डाऊन’. उपाय एकच, मुदत सुरू होताच अर्ज भरावा.

पासवर्ड आणि ओटीपी : पासवर्ड ही आपल्या घराची किल्ली. ओटीपी ही एकदाच चालणारी किल्ली, ती आपल्या मोबाइलवर येते आणि थोड्या वेळात निकामी होते. अर्जाला मोबाइल नंबर घरातलाच द्यावा, केंद्रवाल्याचा किंवा शेजाऱ्याचा नको. नाहीतर पुढच्या वर्षी किल्ली त्याच्या खिशात आणि आपण दारात! पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवावा. ओटीपी आला की तो कशासाठी आहे हे मुलाकडून वाचून घ्यावे आणि समोर बसून स्वतः टाकावा. फोनवरून कोणी ओटीपी मागितला तर तो साहेब असो की बँकवाला, देऊ नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर तक्रार करावी.

अपलोड, केबी, एमबी : कागदाचा फोटो सर्व्हरवर चढवणे म्हणजे अपलोड. फाइल किती मोठी हे केबी-एमबीत मोजतात. १ एमबी म्हणजे १०२४ केबी. मोबाइलवर काढलेला फोटो बहुधा काही एमबीचा असतो आणि अर्जाला हवा असतो थोड्या केबीचा. म्हणून तो ‘घेत नाही’. आपला कागद खोटा ठरला असे नव्हे, फाइल लहान करून पुन्हा चढवायची.

डिजिलॉकर : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात सास्तूरची घरे कोसळली. घर पडले की पेटीतले दाखलेही मातीत जातात, हे आपल्या गावाला कोणी सांगायला नको. २०१५ साली केंद्र सरकारने सुरू केलेली डिजिलॉकर ही कागदांची पेटी सर्व्हरवर असते. दहावी-बारावीचे गुणपत्रक तिच्यात मिळते. फोन हरवला तरी पेटी शाबूत राहते.

सेंड बॅक : हा शब्द दिसला की पुष्कळ घरे अर्ज फेटाळला असे समजून गप्प बसतात. अर्थ तसा नाही. अर्ज दुरुस्तीसाठी परत आलेला असतो. काय कमी आहे ते खाली लिहिलेले असते. तेवढे दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवायचा. त्यासाठी अर्ज भरल्यावर दर पंधरा दिवसांनी त्याची स्थिती पाहावी.

आधार सीडिंग : बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झाले असे नाही. सरकारी पैसा कोणत्या खात्यात जावा याची देशभराची एक नोंद असते, तिच्यात आपले खाते चढले पाहिजे. ते सीडिंग. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी सीडिंग केलेल्या खात्यात पैसे जातात. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी दुसरे पासबुक भरून पाहावे.

आमची सूचना अशी. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास या कामाला द्यावा. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने वा मुलीने मोबाइल घेऊन बसावे आणि पाच घरांचे अर्ज तपासावेत. माता-भगिनींनी मागे न बसता पुढे बसावे, कारण दाखल्यांची पिशवी त्यांनीच सांभाळलेली असते. एका कळीच्या शब्दापायी कोणाचे शिक्षण अडता कामा नये.

जयभीम.