निधी कोणाचा, कौल कोणाचा?

लोकसभेच्या निवडणुकीवरून वाद होणे नगर जिल्ह्याला नवीन नाही. १९९१ साली या मतदारसंघातून काँग्रेसचे यशवंतराव गडाख निवडून आले. पराभूत अपक्ष उमेदवार बाळासाहेब विखे पाटील यांनी त्या निवडणुकीस उच्च न्यायालयात आव्हान दिले. प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी खोटी विधाने केल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरविली आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गडाखांच्या बाबतीत तोच निर्णय कायम केला. शरद पवार यांच्यावर आलेला ठपका मात्र सर्वोच्च न्यायालयाने पुसून टाकला. मग १९९४ मध्ये पोटनिवडणूक झाली. निवडणूक-याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढाव्यात, असे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. येथे अंतिम निकालाला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. या काळात आपला खासदार कायदेशीर आहे की नाही, हेच जिल्ह्यातील मतदारांना ठाऊक नव्हते.

तेहतीस वर्षांनी इतिहासाने जणू कूस बदलली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बाळासाहेबांचे नातू, भाजपचे सुजय विखे पाटील, यांचा नीलेश लंके यांनी २८,९२९ मतांनी पराभव केला. त्यानंतर विखे यांनी ४० मतदान केंद्रांवरील यंत्रांची तपासणी मागितली. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना अशी मागणी करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने दिलेली होती. सबब मागणीत गैर काही नव्हते. परंतु ज्या पक्षाचे प्रवक्ते देशभर यंत्रांवर संशय घेणाऱ्यांची टवाळी करीत होते, त्याच पक्षाच्या उमेदवाराला नगरमध्ये यंत्राची शंका आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा निकाल उलट लागला आणि संगमनेरला बाळासाहेब थोरात पराभूत झाले, तेव्हा शंका दुसऱ्या गोटात गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राहुल गांधी यांनी शिर्डी मतदारसंघात एकाच इमारतीच्या पत्त्यावर सुमारे सात हजार मतदार नोंदले गेल्याचा आरोप थेट लोकसभेत केला. महाराष्ट्राच्या मतदारयाद्यांविषयीचे आरोप निवडणूक आयोगाने फेटाळले. तात्पर्य, या जिल्ह्यात विजयी होणाऱ्याला यंत्र निर्दोष वाटते आणि हरणाऱ्याला सदोष. पक्ष कोणता याने फरक पडत नाही.

हा अविश्वास केवळ यंत्रांमुळे किंवा याद्यांमुळे जन्माला आला, असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. यंत्राची तपासणी अवश्य व्हावी, याद्या स्वच्छ असाव्यात, हे निर्विवाद आहे. परंतु मतदानाचा दिवस हा एका दीर्घ व्यवहाराचा शेवटचा दिवस असतो. आधीच्या पाच वर्षांत सरकारी पैसा कोणाच्या हातून कोणाला मिळाला आणि संकटात मदतीला कोण धावले, यावरून मतदाराचे मन घडत असते. तेव्हा नगरच्या निकालांचा विचार करावयाचा तर मार्च २०२० पासून सुरुवात केली पाहिजे.

महामारी आली तेव्हा केंद्रात एका पक्षाचे सरकार होते आणि मुंबईत त्याच्या विरोधकांचे. २८ मार्च २०२० रोजी पंतप्रधानांच्या नावाचा नवा निधी जाहीर झाला. १० एप्रिलला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केले की, कंपन्यांनी या निधीला दिलेली देणगी सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरली जाईल, मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिलेली धरली जाणार नाही. म्हणजे महाराष्ट्रातील कारखान्याने महाराष्ट्रातील रुग्णांसाठी पैसा द्यावयाचा, तर दिल्लीच्या पेटीत टाकणे सोयीचे! वस्तू व सेवा कराच्या भरपाईचेही तेच झाले. २०१७ च्या कायद्याने पाच वर्षे भरपाईची हमी दिली होती. ऑगस्ट २०२० मध्ये तुटीचे कारण ‘देवाची करणी’ असे सांगून राज्यांपुढे कर्जाचे पर्याय ठेवण्यात आले. राज्यांनी आरडाओरड केल्यावर ऑक्टोबरात केंद्राने १ लाख १० हजार कोटींचे कर्ज स्वतः उभारून राज्यांना देण्याचे मान्य केले. खासदारांचा स्थानिक विकास निधी दोन वर्षांसाठी गोठविण्यात आला. इकडे महाराष्ट्रात आमदारांचा निधी मात्र वाढत जाऊन २०२२ च्या अर्थसंकल्पात पाच कोटींवर पोहोचला. पैशाची चणचण सर्वांना सारखीच होती. ती कोणाला जाणवू द्यावयाची, हे मात्र सत्ता ठरवीत होती.

सार्वजनिक व्यवस्था अशी रडतखडत चालू लागली की तिची जागा व्यक्ती घेते. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत रेमडेसिव्हिरच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक वणवण फिरत असताना तत्कालीन खासदार सुजय विखे यांनी आपण दिल्लीहून विमानाने ते औषध आणल्याचे चित्रफितीतून जाहीर केले. औषधाचे वाटप सरकारी नियंत्रणाखाली असताना एका लोकप्रतिनिधीला ते परस्पर कसे मिळाले, हा प्रश्न औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. त्याच सुमारास पारनेर तालुक्यातील भाळवणी येथे तत्कालीन आमदार लंके यांनी ११०० खाटांचे उपचार केंद्र उभे केले आणि त्याला आपल्या नेत्याचे, शरद पवार यांचे, नाव दिले. तेथे अनेकांनी बरे होऊन घर गाठले, ही गोष्ट कोणीही नाकारू नये. त्या दिवसांत ज्याने पाण्याचा पेला पुढे केला, त्याचेही ऋण मानले पाहिजे.

प्रश्न ऋण मानण्याचा नाही, ते कशाने फेडावयाचे याचा आहे. २०२४ मध्ये परस्परांविरुद्ध उभे राहिलेले हे दोघे उमेदवार महामारीच्या काळात दाते म्हणून जनतेपुढे आले होते. ज्या देशात जिल्हा रुग्णालय पुरेसे सज्ज असते, तेथे औषध आणणाऱ्या खासदाराचे विमान ही बातमी होत नाही. नगरच्या जिल्हा रुग्णालयाची अवस्था काय होती? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच्या कोरोना अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण प्राणास मुकले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० अर्भके आगीत दगावली होती. सर्व रुग्णालयांच्या तपासणीच्या घोषणा झाल्या होत्या. दहा महिन्यांनी नगरमध्ये तेच घडले. अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. निधीवरून भांडणाऱ्या दिल्ली-मुंबईच्या एकाही सत्ताधाऱ्याला त्या ११ जणांच्या नातलगांपुढे उभे राहून जाब द्यावा लागला नाही.

जाब विचारण्याची जागाच हळूहळू नाहीशी केली जात होती, हे याहून गंभीर आहे. २०२० मध्ये राज्यातील १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका महामारीमुळे पुढे गेल्या. त्यांवर प्रशासक नेमताना पालकमंत्र्यांचा सल्ला घ्यावा, असा निर्णय ग्रामविकास खात्याने जुलैमध्ये काढला. त्या खात्याचे मंत्री हसन मुश्रीफ हेच नगरचे पालकमंत्री होते. याच जिल्ह्यातील अण्णा हजारे यांनी या निर्णयाला विरोध केला, भाजपने रान उठविले आणि उच्च न्यायालयाने खासगी व्यक्तींऐवजी शासकीय कर्मचारी नेमण्यास सांगितले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हा बिनविरोध निवड करणाऱ्या गावाला २५ लाखांचा विकासनिधी देण्याची घोषणा लंके यांनी केली. गावात भांडणे नकोत, हा हेतू चांगलाही असेल. परंतु जो पैसा गावाचा हक्क आहे, तो मतदान न करण्याचे बक्षीस कसा होऊ शकतो? हिवरे बाजारचे उदाहरण येथे बोलके आहे. सुमारे तीन दशके बिनविरोध निवड करणाऱ्या त्या गावाने जानेवारी २०२१ मध्ये मतदान केले. गाव दुभंगले नाही, उलट चारच महिन्यांनी कोरोनामुक्तीसाठी त्याचे देशभर कौतुक झाले.

ज्या भाजपने २०२० मध्ये गावांतील प्रशासकांना लोकशाहीचे मारेकरी म्हटले, त्याच्याच सहभागाचे सरकार जून २०२२ नंतर आले. नगर जिल्हा परिषदेची मुदत आघाडी सरकारच्याच काळात, मार्च २०२२ मध्ये, संपली होती. नव्या सत्ताधाऱ्यांना प्रशासकाचे राज्य गैरसोयीचे वाटले नाही. जिल्हा परिषद तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिली. नगर महापालिकेची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली. मतदानाला जानेवारी २०२६ उजाडले, तेही सर्वोच्च न्यायालयाने कान पिळल्यानंतर. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना हे प्रश्न खरे होते. परंतु राज्यघटनेने पाच वर्षांची मुदत घालून दिलेली असताना त्या प्रश्नांच्या आडोशाला दोन्ही आघाड्या स्वस्थ बसल्या, हेही तितकेच खरे आहे. यात पैशाचाही तोटा झाला, कारण वित्त आयोगाचे अनुदान निवडून आलेल्या संस्थांसाठी असते. उरलेल्या निधीवर मंत्र्यांची मर्जी चालली. आघाडीच्या काळात अर्थखाते आपल्या पक्षाच्या आमदारांना झुकते माप देते, अशी तक्रार शिवसेनेचे आमदार करीत होते. सत्ता पालटताच जुलै २०२२ मध्ये आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना स्थगिती मिळाली आणि प्रकरणे न्यायालयात गेली. रस्ता तोच, गाव तेच. केवळ आमदाराचा पक्ष पाहून खडी पडायची की नाही हे ठरू लागले.

याच महाराष्ट्राने एके काळी निराळा मार्ग दाखविला होता. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीची कल्पना साकार झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि शहरी नोकरदारांच्या व्यवसायकरातून तिला पैसा मिळू लागला. खडी फोडणाऱ्या बाईला तेथे मजुरी मिळे ती हक्काची. ती कोणा पुढाऱ्याची उपकारबद्ध नव्हती, मतदानाच्या दिवशी तिला कोणाचे देणे फेडावयाचे नव्हते. त्या योजनेतही भ्रष्टाचार झाला, हजेरीपटावर खोटी नावे चढली. परंतु मदत हा नागरिकाचा अधिकार आहे, हे तत्त्व तिने कायद्यात आणून ठेवले.

त्या तत्त्वाकडे परत जाणे हाच या वादांवरचा उपाय आहे. जिल्हा नियोजनाच्या निधीचे तालुकावार वाटप लोकसंख्या आणि मागासलेपण यांच्या निकषांवर कायद्याने ठरवावे. मंत्री बदलला म्हणून ते बदलता कामा नये. आपत्तीत आलेला प्रत्येक रुपया आणि औषधाची प्रत्येक कुपी, मग ती कोणीही आणलेली असो, सरकारी नोंदवहीत चढावी आणि ती नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी. स्थानिक संस्थांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्यात कसूर झाल्यास त्याचा जाब राज्य सरकारने विधिमंडळात द्यावा. निवडणूक-याचिकांसाठी सहा महिन्यांची मर्यादा केवळ सदिच्छा न राहता बंधनकारक व्हावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. लागते ती आपल्या हातातील वाटपाचा अधिकार सोडण्याची तयारी. ती आजवर कोणत्याच सत्ताधारी पक्षाने दाखविलेली नाही आणि म्हणून ती मागण्याचे काम मतदारांनाच करावे लागेल.

आता जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे. अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातील चौंडीचा. राज्याचा महसूल हा रयतेचा पैसा आहे, या भावनेने त्यांनी कारभार केला, अशी त्यांची कीर्ती आहे. त्यांचे नाव लावणाऱ्या जिल्ह्यात रुग्णालयाची खाट, गावचा रस्ता आणि मतपत्रिकेवरचे नाव यांचा हिशेब एकमेकांत मिसळत राहिला, तर यंत्रे कितीही वेळा उघडून तपासली तरी पराभूताचे समाधान होणार नाही आणि विजयी उमेदवारालाही आपल्याला कौल मिळाला की परतफेड मिळाली, हे कधी खात्रीने सांगता येणार नाही.