शनिवार-रविवारचे गणगोत

नागपुरात रविवारची सकाळ उजाडते, चहाबरोबर पुरवणी हातात येते, तेव्हा न्यू जर्सीत शनिवारची रात्र सरत आलेली असते. दिवसभर मित्रमंडळींबरोबर भटकून घरी परतलेली मुले झोपण्यापूर्वी त्या दिवसाचे फोटो पाठवतात आणि धरमपेठेत, लक्ष्मीनगरात, त्रिमूर्तीनगरात ते एकाच वेळी पाहिले जातात. कधी समुद्रकिनारा, कधी सफरचंदांची बाग, कधी एखादा धबधबा. चार कुटुंबे, दोन मोठ्या गाड्या, सात-आठ मुले. फोटो पाहून घरातले एखादे वडीलधारे माणूस हमखास म्हणते, "मजा आहे बुवा यांची! दर आठवड्याला सहल."

मजा आहे हे खरेच, आणि तिला नावे ठेवण्याचेही कारण नाही. पण या भटकंतीकडे नुसती चैन म्हणून पाहिले तर त्या कुटुंबांच्या आयुष्यातली एक महत्त्वाची गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. माझी मुलगी गेली बारा वर्षे न्यू जर्सीत आहे. तिच्याकडे मी दोन उन्हाळे काढले आणि अशा दहा-बारा सहलींत सामील झालो. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडे आजी, काका, आत्या, शेजारीपाजारी मिळून जे काम वर्षभर करतात, ते काम तिथे ही चार कुटुंबे आठवड्याच्या दोन दिवसांत करून घेतात. सहल हे त्याचे निमित्त. आणि इतक्या कष्टाने उभे केलेले हे गणगोत आज व्हिसाच्या कायद्यांच्या मर्जीवर उभे आहे.

रजेचे गणित

आधी शनिवार-रविवारच का, ते पाहू. पगारी रजा दिलीच पाहिजे, असे सांगणारा राष्ट्रीय कायदा अमेरिकेत नाही. रजा किती द्यायची हे मालक ठरवतो. चांगल्या नोकरीतही बहुधा दोन-तीन आठवड्यांवर समाधान मानावे लागते. त्यातून नागपूरला यायचे तर जाण्यायेण्यातच तीन-चार दिवस जातात. भावाचे लग्न, वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, कधी त्याहून वाईट बातमी, या साऱ्यांसाठी रजा जपून ठेवावी लागते. मग हिंडण्याफिरण्याला उरतात ते आठवड्याचे दोन दिवस, आणि सोमवार जोडून आला तर तीन. हा सोमवारही आपोआप येत नाही. अमेरिकेने १९६८ मध्ये कायदा करून काही राष्ट्रीय सुट्या मुद्दाम सोमवारी आणल्या आणि १९७१ पासून तो अमलात आला. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे. आपण जानेवारीत नवे कॅलेंडर आणले की चतुर्थ्या पाहतो. ही मुले हे सोमवार पाहतात आणि तीन-तीन महिने आधी घरे आरक्षित करतात.

प्रत्यक्ष सहल मात्र थेट आपल्या रामटेक-खिंडसीच्या वळणाची. पुऱ्या एकीकडे, बटाट्याची भाजी दुसरीकडे, ठेचा आणि चिवडा तिसरीकडे असे वाटप आधीच झालेले. भाड्याच्या घरात पोहोचल्यावर पहिली शोधाशोध कुकरच्या शिटीची. सकाळी तर्रीपोहे. नागपूर-अमरावतीकडची दोन घरे असली की तर्रीवरून वाद ठरलेला.

अर्जातला एक रकाना

पण या सहलींचे खरे मोल मला कळले ते कोणत्याही प्रेक्षणीय स्थळी नाही. नातवाच्या शाळेचा अर्ज मुलगी भरत होती. त्यात एक रकाना होता : आईवडील मिळाले नाहीत, तर आणीबाणीत कोणाला कळवावे? आपल्याकडे तिथे आजोबांचे, मामाचे नाव येईल. तिने लिहिले ते सोलापूरच्या एका मैत्रिणीचे, आणि नात्यापुढे इंग्रजीत 'मावशी' असे लिहून टाकले. पुढे कळले की, नवरा-बायको दोघांचेही काही बरेवाईट झाले तर मुलांचा पालक कोण, हेही या मंडळींनी आपापल्या मृत्युपत्रांत लिहून ठेवले आहे, आणि तिथेही याच मित्रांची नावे आहेत. ज्याच्या हाती आपले मूल सोपवायचे, त्याचा स्वभाव पारखायचा कसा? दहा-वीस सहलींत तो कळतो. कोणाला राग लवकर येतो, कोण रात्री तापलेल्या मुलाजवळ जागत बसतो, कोण पैशांचा हिशेब चोख ठेवतो. लग्नाच्या सोयरिकीला आपण जितकी चौकशी करतो, तितकीच चौकशी ही मुले फिरता फिरता करीत असतात.

परक्या देशात मैत्रीतून नाते जोडण्याची ही रीत नवी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला पोहोचल्या, त्या याच न्यू जर्सीतील रोझेल गावी, थिओडोशिया कार्पेंटर यांच्या घरी. ना ओळखीची ना देखीची ही बाई पत्रांतून त्यांची मावशी झाली. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी मग न्यूयॉर्क राज्यातील पुकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. मानलेले नाते किती दूरवर जाते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

पुढे संस्थाही झाल्या. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार आशियातील सुशिक्षितांना उघडले, तेव्हा डॉक्टर आणि इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. उत्तर अमेरिकेतील मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. गणपती, दिवाळी, नाटके, अधिवेशने ही या मंडळांची कामे. पण मध्यरात्री प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या, तर मोठ्या मुलाला सांभाळायला मंडळ येत नाही. सहलीतला मित्रच येतो.

पुलाच्या अलीकडे

आता दुसरी बाजू. एका लाँग वीकएंडला आम्ही चार कुटुंबे नायगारा पाहायला गेलो. धबधब्याचे समोरून दिसणारे विशाल रूप कॅनडाच्या तीरावरून दिसते. मध्ये रेनबो ब्रिज. पायी गेले तरी दहा-पंधरा मिनिटांचे अंतर. पण चौघांपैकी दोन कुटुंबांकडे ग्रीन कार्ड होते, दोघांकडे नव्हते. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयाला कॅनडाचा व्हिसा लागत नाही. एच-वन-बी वर असलेल्याला लागतो. मुलांचा जन्म तिथलाच, म्हणून पूल त्यांना मोकळा होता, त्यांच्या आईबापांना नव्हता. शेवटी कोणीच गेले नाही. अमरावतीचा एक मुलगा हसत म्हणाला, "काका, कार्ड येईल तेव्हा येईल, पाणी तर इकडूनही पडूनच राहिलं ना!"

हे कार्ड येणार कधी? नोकरीच्या आधारे दिली जाणारी ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि सर्वसाधारण नियम असा की त्यातली सात टक्क्यांहून अधिक कोणत्याही एका देशाला मिळू नयेत. तो देश एक कोटींचा असो की दीडशे कोटींचा, वाटा तेवढाच. परिणामी, पदव्युत्तर पदवीधारकांच्या वर्गात २०२५ च्या अखेरीस भारतीयांचा क्रमांक लागत होता तो २०१३ मध्ये अर्ज केलेल्यांचा. भारतात जन्मलेले मूल या प्रतीक्षेत एकवीस वर्षांचे झाले, तर ते आईबापांच्या अर्जातून गळण्याची भीती असते. आणि नोकरी गेली तर? २०१७ पासूनच्या नियमाने नवी नोकरी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात. तेवढ्यात जमले नाही, तर घर, शाळा आणि ते अर्जातल्या रकान्यातले गणगोत मागे टाकून निघायचे.

२०२५ च्या सप्टेंबरात याची चुणूक साऱ्यांनीच पाहिली. १९ तारखेला, शुक्रवारी, अध्यक्ष ट्रम्प यांनी एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. आदेश रविवारी लागू व्हायचा होता. बाहेर असाल तर तातडीने परत या, असे निरोप काही मोठ्या कंपन्यांनी धाडले. आपल्याकडे सर्वपित्री आणि घटस्थापनेची तयारी चाललेली; सणासाठी आलेली मुले मिळेल त्या तिकिटाने परत निघाली. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा शनिवारी आला. डिसेंबरात समाजमाध्यमांची तपासणी सुरू होताच भारतातील व्हिसा मुलाखती पुढे ढकलल्या गेल्या आणि रजेवर आलेले अनेकजण इकडेच अडकले. तेव्हा त्यांच्या तिकडच्या घराच्या किल्ल्या कोणाकडे होत्या, कुंड्यांना पाणी कोण घालत होते, हे सांगायला नकोच.

या गणगोताचे दोषही आहेत. ते आपल्याच भाषेच्या, आपल्याच पगाराच्या माणसांचे असते. पलीकडच्या घरातल्या अमेरिकी म्हाताऱ्याशी मात्र दहा वर्षांत 'हॅलो'पलीकडे बोलणे होत नाही. सहलीतही स्वयंपाकघर बरेचदा बायकांच्याच वाट्याला येते. त्यातल्या ज्या नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या, त्यांना २०१५ पर्यंत नोकरीची मुभाच नव्हती. आजही ती साऱ्यांना नाही. आठवडाभर घरात एकटी असलेल्या अशा बाईला शनिवारी पुन्हा पंधरा माणसांच्या पोळ्या लाटाव्या लागणे, याला सहल म्हणायचे का, हे तिथल्या पुरुषांनी स्वतःला विचारायला हवे.

आणि आपण? परदेशातून येणारा पैसा काटेकोर मोजला जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत त्यात सर्वांत मोठा, २७.७ टक्के वाटा अमेरिकेचा होता, आणि पैसा घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह पहिला. पण मुले तिथे कोणाच्या आधाराने राहतात, याची मोजदाद आपल्या घरीही नसते. मुलाचा पगार ठाऊक असतो, गाडीची कंपनी ठाऊक असते. अडीनडीला धावणाऱ्या मित्राचे आडनाव ठाऊक नसते. तो मित्र जसा आपल्याला परका, तसेच त्याचे आईवडीलही. ते सोलापूरला किंवा इथेच प्रतापनगरात आपल्यासारखेच फोटो पाहत बसलेले असतात. मुलांनी तिकडे नाते जोडले आहे, तर इकडच्या दोन टोकांनी ओळख का करून घेऊ नये? माझ्या पत्नीने गेल्या वर्षी सोलापूरला फोन लावला. आता दोन्ही घरांत आजारपणाची चौकशी होते, दिवाळीला संत्रा बर्फी तिकडे जाते आणि शेंगांची चटणी इकडे येते.

तेव्हा आजच्या फोटोंना उत्तर देताना 'काय काय पाहिले' हे विचाराच, पण त्याआधी 'कोणाबरोबर गेला होता' ते विचारा. नावे मिळतील. त्यांच्यापुढे फोन नंबर मागून घ्या आणि घरातल्या टेलिफोन डायरीत, मामा-काकांच्या पानावर लिहून ठेवा.