कलकल की कोरस?

चार बायका एकत्र जमल्या की त्यांना नावं ठेवायला मराठीत शब्दांची वाण नाही. साळकाया-म्हाळकाया, चकाट्या, कलकल, बायकांचा बाजार! इंग्रजीतही असाच एक शब्द आहे, 'गॅगल'. मूळ अर्थ हंसांचा कळप. पण मोठमोठ्याने बोलणाऱ्या बायकांच्या घोळक्यालाही तो हेटाळणीने लावतात. लंडनमधल्या वीसहून अधिक तरुण बायकांनी आपल्या गाणाऱ्या गटाला मुद्दाम हेच नाव घेतलं. २०१२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, 'फ्रॉम द माउथ ऑफ द केव्ह', म्हणजे गुहेच्या तोंडातून. एका लहान, स्वतंत्र कंपनीने तो काढला आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी, संगीताच्या नियतकालिकांनी त्याची दखल घेतली.

त्यांची गाणी ऐकताना पहिल्यांदा दचकायला होतं. बायकांचं वृंदगान म्हटलं की आपल्या कानात शाळेतली प्रार्थना असते, तिकडच्यांच्या कानात चर्च. एक पट्टी, एक गोडवा. इथे मात्र ओरडणं आहे, कुजबुज आहे, एकमेकींवर खेकसणं आहे, खाली ढोल आणि यंत्राचा ठेका. कुठलाही आवाज दुसऱ्यासारखा करायचा प्रयत्न नाही. मला हे आवडलं. सगळंच आवडलं असं नाही. काही ठिकाणी नुसताच गोंगाट वाटतो.

पण प्रसिद्धी कशी मिळाली ते पाहण्यासारखं आहे. त्यांच्याबद्दल जे लिहून आलं त्यात रंगीबेरंगी झगे, डोक्यावरचे साज, रंगवलेले चेहरे यांना भरपूर जागा मिळाली. आणि मुलाखत एकीची! गट उभा करणाऱ्या, गाणी रचणाऱ्या डेबोरा कॉफलिन यांची. त्यांचं श्रेय त्यांचंच आहे, कुणीतरी पुढे झाल्याशिवाय वीस जणी एका वेळी एका ठिकाणी येत नाहीत, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? पण प्रसारमाध्यमांना एक चेहरा लागतो आणि उरलेल्या एकोणीस जणी 'दृश्य' होतात. आपल्या मोर्च्यांच्या बातम्यांचं दुसरं काय होतं? पुढारी बाईचं नाव आणि मागे 'शेकडो महिला'.

पैशाचं गणित तर सरळच आहे. चौघांच्या बँडला जी बिदागी मिळते ती वीस जणींत वाटली तर बसभाडंही सुटायचं नाही. मोठा गट हा धंद्याला परवडत नाही. म्हणूनच तो टिकवण्यात काहीतरी राजकारण आहे असं मी मानते.

गॅगलचं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं काम या अल्बमच्या आधीचं, २०१० मधलं आहे. इंग्लंडात 'विमेन्स इन्स्टिट्यूट' या नावाने गावोगाव बायकांची मंडळं आहेत. जॅम, केक, विणकाम करणाऱ्या बायका अशी त्यांची टिंगल होते. याच मंडळांच्या राष्ट्रीय संघाने १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एक संगीत-प्रयोग केला. बायकांच्या नजरेतून सांगितलेला देशाचा इतिहास, आणि गाणाऱ्या हजारभर बायका. शब्द उर्सुला व्हॉन विल्यम्स यांचे, संगीत माल्कम विल्यमसन यांचं. पुढे तो विस्मरणात गेला. पुढच्या पिढीच्या गॅगलने तो नव्याने गायला, तोही लंडनच्या विमेन्स लायब्ररीच्या निमित्ताने. हे ग्रंथालय तेव्हा बायकांच्या जुन्या सार्वजनिक धुणीघराच्या जागेवर होतं. केक करणाऱ्या आज्या आणि चेहरे रंगवलेल्या नाती एका गाण्यात भेटल्या म्हणायच्या.

आणि ही परंपरा त्याहून जुनी. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांचं कूचगीत १९११ चं. संगीत एथेल स्मिथ यांचं, शब्द सिसिली हॅमिल्टन यांचे. १९१२ मध्ये खिडक्या फोडल्याबद्दल स्मिथबाई हॉलोवे तुरुंगात होत्या. खाली अंगणात कैदी बायका ते गीत गात फिरत होत्या आणि बाई वरच्या खिडकीतून दात घासायच्या ब्रशने ताल देत होत्या, असं त्यांचे मित्र थॉमस बीचम यांनी सांगून ठेवलं आहे.

याच काळातली दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. ह्यूबर्ट पॅरी या संगीतकाराने १९१६ मध्ये ब्लेकच्या 'जेरुसलेम' या कवितेला चाल दिली आणि १९१८ मध्ये त्या चालीचे हक्क मताधिकारवादी बायकांच्या संघटनेला देऊन टाकले. १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला, संघटनेचं काम संपलं, तेव्हा ते हक्क याच विमेन्स इन्स्टिट्यूटकडे आले आणि १९६८ पर्यंत राहिले. गाण्यातला इंग्लंडचा अभिमान आपल्याला परका आहे, पण चाळीस वर्षं एका गाण्याची मालकी बायकांच्या संघटनेकडे होती, ही गोष्ट किती साधी आणि किती मोठी!

आपल्याकडे गाण्यांना तोटा नाही. 'मुलगी झाली हो' हे ज्योती म्हापसेकरांचं नाटक १९८३ पासून गावोगाव गेलं ते त्यातल्या गाण्यांच्या पाठीवर. पण मालकी? मागे एका संस्थेच्या कार्यक्रमात आमच्या गटाचं एक गाणं झालं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'पारंपरिक'. ते गाणं लिहिणारी बाई तिसऱ्या रांगेत बसली होती. बाईने लिहिलं की ते 'लोकांचं' होतं, हे जुनंच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तेव्हा गाणारीचं नाव-गावही टिपून ठेवलं, म्हणून ती बाई आज आपल्याला माहीत आहे.

हे सगळं लिहायचं कारण असं की आम्ही आमच्या बारा गाण्यांचं ध्वनिमुद्रण करायचं ठरवलंय आणि त्यावरून गटात कडाक्याचा वाद चालू आहे. काही जणी म्हणतात, बाहेर जाणारी वस्तू आहे, सुरेल अशा सहा जणी निवडा, पेटी-तबल्याला चांगली माणसं घ्या. त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. जोरात गाणं म्हणजे बेसूर गाणं नव्हे, आणि तालमीशिवाय वीस जणी एका श्वासात थांबू शकत नाहीत. पण पोलीस ठाण्याच्या पायरीवर ज्या घोगऱ्या आवाजाने आम्हाला तासन्‌तास बसवून ठेवलं, तो आवाज वगळून ते गाणं कुणाचं राहील?

माझं मत सगळ्यांनी गावं असं आहे. तालीम दोन महिने जास्त चालू दे. मुद्रणाच्या दिवशी जिची मजुरी बुडेल तिला ती गटाच्या पैशातून द्यावी. रचना जिची तिचं नाव गाण्याखाली, गाणाऱ्या सगळ्यांची नावं वेष्टनावर, अक्षर बारीक करावं लागलं तरी चालेल. आणि हक्क कुणाच्या नावे, हे गाण्यापूर्वी कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी असा कागद केला असेल तर त्याची एक प्रत आम्हाला पाठवा. आमची पहिली तालीम पुढच्या महिन्यात आहे.