दुसऱ्याच्या बांधावरचें भांडण आणि आमचीं पोरें

परदेशांत कोठें युद्ध पेटलें कीं आमच्या शहरांतील शहाण्या मंडळींच्या अंगांत वीरश्री संचारते. हिंदुस्थान आतां मोठें राष्ट्र झालें, त्यानें सैन्य पाठवून आपला दरारा बसवावा, असा त्यांचा सल्ला असतो. सल्ला देणाऱ्याचा मुलगा बहुधा मोठ्या पगारावर परदेशीं नोकरीस असतो. बंदूक घेऊन जावयाचें तें कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या, सुताराच्या पोरानें!

आम्ही जानेफळचीं साधीं माणसें. कापूस, तूर, सोयाबीन यांपलीकडचें राजकारण आम्हांस कळत नाहीं, असें कोणी म्हणेल तर म्हणो. बांधाचा तंटा मात्र आम्हांस चांगला कळतो. दोन भाऊ वाटणीवरून भांडत असतां तिसरा काठी घेऊन मध्यें शिरला, तर शेवटीं दोघेही त्यालाच झोडपतात, हें आमच्या मेहकर तालुक्यांतलें शेंबडें पोरही सांगेल. मग हें दिल्लीस कां कळूं नये?

लंकेंत नेमकें हेंच झालें. ज्या तामीळ वाघांना आमच्याच सरकारच्या गुप्त खात्यानें आधीं शिक्षण व हत्यारें दिलीं, त्यांना शांत करण्याचें काम पुढें आमच्याच सैन्याच्या माथीं आलें. २९ जुलै १९८७ रोजीं कोलंबोस राजीव गांधी आणि जयवर्धने यांनीं करारावर सह्या केल्या. ज्यांच्या हातांत बंदुका होत्या त्या वाघांची सही त्यावर नव्हती. दुसऱ्याच दिवशीं मानवंदनेच्या रांगेंतल्या एका सिंहली खलाशानें राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला. यजमानाच्या दारांतच असा पाहुणचार! तेव्हांच ओळखावयास हवें होतें.

सैन्य गेलें तें 'शांतिसेना' या गोंडस नांवानें. ऑक्टोबरांत त्याच शांतिसेनेला वाघांशीं लढावें लागलें. ११ ऑक्टोबरच्या रात्रीं जाफना विद्यापीठाच्या मैदानांत हेलिकॉप्टरांतून शीख पलटणीचे ३० जवान उतरविले. त्यांपैकीं २९ मारले गेले. त्याच महिन्यांत जाफन्याच्या इस्पितळांत शिपायांच्या गोळीबारांत रोगी, परिचारिका आणि डॉक्टर मेले. ज्यांचें रक्षण करावयास गेलों त्यांच्याच घरांत रडारड. २५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन लढतां लढतां पडले; त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. शिपायाच्या शौर्याबद्दल आमचा वाद नाहीं. तें शौर्य कोणाच्या कामीं खर्चिलें, एवढेंच आम्ही विचारतों.

पुढें प्रेमदास लंकेचे अध्यक्ष झाले. त्यांनीं वाघांशीं बोलणीं सुरू केलीं आणि १९८९ सालीं आमच्या सैन्यास चालतें व्हा म्हणून सांगितलें. म्हणजे वाघही शत्रू, सिंहली सरकारही शत्रू! २४ मार्च १९९० रोजीं शेवटची तुकडी तेथून निघाली, तोंवर ११०० हून अधिक जवान प्राणास मुकले होते. मद्रास बंदरांत सैनिक उतरले, तर तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतासही आले नाहींत. १९९१ च्या मे महिन्यांत वाघांनीं राजीव गांधींचाच घात केला. आणि लंकेंतलें यादवी युद्ध? तें २००९ पर्यंत चाललेंच.

या साऱ्यांत आधीं विचारलें कोणाला? सैन्य परदेशीं धाडण्यापूर्वीं संसदेची मंजुरी घेतलीच पाहिजे, असें बंधन आमच्या घटनेंत नाहीं. करार झाला, सैन्य गेलें, मग लोकसभेस कळविलें. गोऱ्हा विकावयाचा तरी कुणबी घरांत बायकोला विचारतो. पोराच्या जिवाचा सौदा मात्र चार माणसें बंद खोलींत करतात.

इंग्रजी अमलांत तर विचारण्याची बातच नव्हती. १९१४ सालीं पुण्याची सहावी डिव्हिजन बसऱ्याकडे रवाना झाली, ती इराणांतल्या तेलाची राखण करावयास. तींत मराठा पलटणी होत्या. मग साहेबांना बगदादचा मोह सुटला. कुत येथें सैन्य वेढलें गेलें, घोडे मारून खाण्याची पाळी आली आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सारें सैन्य तुर्कांस शरण गेलें. कैदेंत हजारों मेले. त्या वेळीं शाहू महाराजांनींही भरतीस साहाय्य केलें, हें आम्ही लपवीत नाहीं. बहुजनांच्या पोराला पलटणींत भाकरी आणि मान मिळे, हा त्यांतला भाग खरा. पण त्या तेलाचा एक थेंबही आमच्या दिव्यांत पडला नाहीं.

कोणी म्हणेल, मग १९७१ ला कां गेलां? तेव्हां सुमारें एक कोट निर्वासित आमच्या दारांत येऊन बसले होते, आणि पूर्व बंगालचे लोक स्वतःच मुक्तिवाहिनी उभारून लढत होते. १६ डिसेंबरला ढाका पडली आणि मार्च १९७२ मध्यें आमचें सैन्य माघारीं आलेंही. कां जावयाचें हें ठाऊक होतें, कधीं परतावयाचें हेंही ठाऊक होतें. लंकेंत दोन्ही ठाऊक नव्हतें.

आणि विचारपूस झाली कीं काय होतें, तेंही पाहा. २००३ सालीं अमेरिकेनें इराकांत हिंदी सैन्य मागितलें. जेथें १९१६ सालीं मराठे उपाशी मेले तोच हा मुलूख! या खेपेस विरोधी पक्ष बोलले, वर्तमानपत्रें बोललीं. त्या आधींच एप्रिलांत लोकसभेनें त्या युद्धाची निंदा करणारा ठराव केला होता. शेवटीं १४ जुलैस वाजपेयी सरकारनें, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्यावांचून सैन्य पाठविणार नाहीं, असें सांगितलें. हिंदुस्थानचा त्यानें कोणता दरारा गेला?

आमचीं पोरें आजही पहाटे अंधारांत मेहकरच्या रस्त्यानें भरतीसाठीं धांवतात. शेत पुरत नाहीं, सुताराला काम नाहीं, म्हणून धांवतात. २०२२ च्या योजनेप्रमाणें अग्निवीर झालेल्या शंभरांतले फार तर पंचवीस कायम व्हावयाचे. बाकीचे चार वर्षांनीं पुन्हां घरीं. देशाच्या सीमेवर उभें राहावयास त्यांची ना नाहीं, आमचीही नाहीं. परंतु सीमेपलीकडच्या भांडणांत त्यांना ढकलावयाचें तर आधीं भर संसदेंत सांगा: कशासाठीं, किती दिवसांसाठीं, आणि परत कसें आणणार? त्यावर नांवानिशीं मतें घ्या, म्हणजे कोणी हात वर केला तें गांवाला दिसेल. असा कायदा करणार कीं नाहीं, हें मत मागावयास जानेफळांत येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, भर बाजारांत विचारावें. आम्ही विचारणार आहों.