ऋतूचं खाणं म्हणजे रिकामटेकड्यांची हौस?

"ऋतूप्रमाणे रांधा, सगळे मिळून जेवा, हे ऐकायला गोड आहे हो. पण नवरा-बायको दोघं नोकरीला, पोरं क्लासला. हे करायचं कुणी आणि कधी?" हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. परभणीत वसमत रोडच्या नव्या वसाहतींत, रोज एसटीनं जिंतूरला जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या मास्तरांच्या घरात, मोंढ्यात आडतीवर दिवेलागणीनंतरही बसून राहणाऱ्यांच्या घरात तो विचारला जातो. विचारणारे उत्तरही बरोबरच आणतात: हे रिकामटेकड्यांचे चोचले आहेत, धावपळीच्या घराला परवडायचे नाहीत.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्या घरात वेळ नाही त्याच घराला ऋतूप्रमाणे खाणं परवडतं. बारमाही, ज्याला जे हवं ते, ज्याच्या त्याच्या वेळेला, ही चैन आहे. आणि ती वेळही खाते, पैसाही खाते.

आधी वेळेचं बघू. स्वयंपाकघरात माणूस थकतो तो फोडणी टाकून नव्हे. तो थकतो "आज काय करायचं?" या प्रश्नानं, आणि त्याची चार जणांकडून चार उत्तरं आली की त्याहून जास्त. एकाला पनीर, एकाला नूडल्स, आजोबांना भाकरी, स्वतःला काहीही चालेल. पौषात बाजारात गेलेल्या माणसाला हा प्रश्न पडूच नये अशी सोय असते. तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग, हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, काटेरी वांगी, गाजरं. त्यातलं जे स्वस्त ते पिशवीत पडतं आणि जे पिशवीत पडलं ते ताटात येतं. घरात मतदान होत नाही.

हरभऱ्याच्या पाल्याचंच घ्या. त्याच्यावर जी आंब असते तीच त्याची चव, म्हणून जाणत्या बायका तो फार धूत नाहीत. झाडतात, निवडतात, बारीक चिरतात. पाला शिजला की मूठभर पीठ लावून घोटायचा, वरून लसणाची आणि लाल मिरचीची फोडणी. अर्ध्या तासाच्या आत पातेलं खाली उतरतं. मागवलेलं जेवण दारात यायलाही तेवढाच वेळ लागतो, आणि तोवर पोरांनी बिस्किटांचा पुडा संपवलेला असतो. त्याहून घाई असेल तर मुरमुरे भिजवून सुशीला करा. मराठवाड्याबाहेर नाव सांगितलं तर लोक हसतात, पण दहा मिनिटांत चार माणसांचं भागवणारा याच्यासारखा पदार्थ मला दुसरा दाखवा.

"आणि तुरीच्या शेंगा? त्या सोलायला तास जातो त्याचं काय?" जातो, कबूल. किलोभर शेंगांचे सोले काढायला एकटीला तास लागतो आणि बोटांची टोकं चिकट, तपकिरी होतात ती दोन दिवस तशीच. पण मुद्दा 'एकटीला' या शब्दात आहे. टीव्हीसमोर वर्तमानपत्र अंथरून तोच ढीग चौघांच्या मधे ठेवला तर बातम्या संपायच्या आत टोपली रिकामी होते. आमच्याकडे सोलताना तोंडात टाकायची मुभा आहे. धाकटा त्यातला बराच माल गट्टम करतो, तरी आमटीपुरते सोले उरतात. ते तव्यावर थोडे भाजायचे, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबिरीबरोबर भरड वाटायचे, पाणी घालून उकळी आणायची. सोलता सोलता थोरल्यानं शाळेतली जी भानगड सांगितली ती त्याला समोर बसवून विचारली असती तर सात जन्मांत कळली नसती. हात गुंतलेले आणि डोळे खाली असले की पोरं बोलतात.

दुसरा आक्षेप बाजाराचा. आता सगळं बारा महिने मिळतं, मग ऋतूचं स्तोम कशाला? मिळतं, पण कुठल्या भावाला आणि कुठल्या चवीचं? परभणीच्या मे महिन्यात पारा 43-44 वर गेला की मेथीची जुडी मुठीएवढी होते आणि कोथिंबीर मोजून विकतात. त्या दिवसांत पालेभाजीचा हट्ट धरणं म्हणजे दूरवरून मालमोटारीत उकडून आलेला पाला दुप्पट दामानं घरी आणणं. जुनी घरं हा हट्ट धरत नसत. तेव्हा कैरीचा तक्कू, कांदा, ताक, घट्ट वरण आणि हिवाळ्यात वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी असे. उन्हाळ्याचं ऊन कुरडया, सांडगे, खारोड्या वाळवायला वापरायचं आणि त्या आखाडात खायच्या, जेव्हा पेरणीच्या गडबडीत चुलीपाशी उभं राहायला कुणाला सवड नसे. वेळेची टंचाई ही काही नोकरदारांनी काढलेली गोष्ट नव्हे. पेरणीतल्या आणि कापूस वेचणीतल्या बाईइतकी घाई आज कुठल्याही बँकेतल्या माणसाला नाही. तिनं त्यावर काढलेला उपाय माळवदावर वाळत पडलेला असे. आज तोच उपाय कंपन्या पाकिटात घालून आपल्याला विकतात, आणि आपण त्याला नवी सोय म्हणतो.

ऋतूचं खाणं म्हणजे सनातन, अस्सल, भेसळ नसलेलं असं मात्र कुणी समजू नये. या बाजूनं बोलणाऱ्यांचाही एक वर्ग माजलेला आहे. पूर्वजांच्या ताटाची आरती करताना ते विसरतात की त्या ताटातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही सातासमुद्रापलीकडचे. पोर्तुगिजांच्या येण्याआधी आपल्या ठेच्यात काय होतं देव जाणे. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठानं दिलेली 'परभणी क्रांती' भेंडी घ्या. केवडा रोगानं, म्हणजे पानं पिवळी पडून, भेंडीचं पीक हातचं जायचं. लागवडीच्या भेंडीचा रानभेंडीशी संकर करून हे रोगाला दाद न देणारं वाण काढलं गेलं. पावसाळ्यातली भेंडी आज जी भरवशानं मिळते ती परंपरेनं नव्हे, प्रयोगशाळेनं दिली. माझं शास्त्राशी वाकडं नाही. माझं वाकडं आहे ते बाराही महिने एकच भाजी खाण्याशी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो खरा आहे. लोक म्हणतात, ऋतूप्रमाणे खाणं ही आवड नव्हती, लाचारी होती. दुसरं काही नव्हतं म्हणून लोक रानचा पाला खात. 1972 चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांच्यासमोर तांदुळजाचं आणि घोळीचं कौतुक जपून करावं. त्यांनी ते चवीसाठी खाल्लेलं नाही. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी त्यांना अजून आठवते, आणि ती आठवण गोड नाही.

पण लाचारीनं खाल्लेली गोष्ट कायमची टाकाऊ ठरते का? तसं असतं तर सक्तीनं ज्वारी खाल्लेल्या पिढीची नातवंडं आज हॉटेलात भाकरीला चपातीच्या दुप्पट पैसे मोजून पिठल्याबरोबर खाताना दिसली नसती. 2023 हे जगानं भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. आपल्याच देशानं ते मागितलं होतं. वर्षभर बाजरीचे केक आणि नाचणीचे कुकीज यांचे फोटो निघाले. परभणीत मात्र 2018 सालीच लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी आली होती, आणि ती खायला केक लागत नाही, तवा लागतो. लाचारी आणि निवड यांत फरक दाण्याचा नाही, दुसरा पर्याय असण्याचा आहे. आज आपल्याकडे पर्याय आहे. म्हणूनच निवड करता येते.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती चोचले म्हणून हिणवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, आरती करणाऱ्यांच्या तर नाहीच. ऋतू आधी शेतातून गेला, ताटातून नंतर. खरिपाला सोयाबीन आणि कापूस यांनी रान भरलं. पूर्वी ज्वारीच्या पिकात मूग, उडीद, अंबाडी, चवळी असे, बांधाला भोपळ्याचा वेल असे, निंदायला गेलेली बाई ओट्यात तांदुळजा, घोळ, तरोटा घेऊन परते. सोयाबीनवर तणनाशक मारलं की तण मरतं आणि त्याच्याबरोबर संध्याकाळचं कोरड्यासही मरतं. गावात राहणारा शेतकरी मग तालुक्याच्या बाजारातून कोबी आणतो. त्याला "ऋतूप्रमाणे खा" असं शहरातून सांगणं हा उद्धटपणा आहे. मी हे सांगतो आहे ते शहरातल्या, पगारी, भाजी विकत घेणाऱ्या घरांना. रोज बाजारात जाऊन अंबाडी मागणारं गिऱ्हाईक तयार झालं तर कुणीतरी दोन ओळी अंबाडीच्या लावील. मागणाराच नसेल तर कोबीच पिकेल.

आता चौथा आक्षेप, जो बहुतेक बायका मनात आणि थोड्या मोठ्यानं घेतात. हे सगळं शेवटी आमच्याच कमरेवर येणार. पुरुष लेख लिहिणार आणि आम्ही सोले सोलणार. याचं खंडन मी करणार नाही, कारण होत आलंय तसंच. एकत्र जेवणाची जी जुनी गोष्ट आपण सांगतो तीही तपासून बघा. पूर्वी घरं एकत्र होती, जेवणं एकत्र नव्हती. आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, शेवटी बायका, आणि त्यांच्या वाट्याला पातेल्याच्या बुडाशी राहिलेलं. वाड्याच्या ओसरीवर कोण बसणार आणि अंगणात कुणाला वाढायचं हे जातीनं ठरलेलं. घरातली बाई, पुरुष, पोरं एका वेळी एका सतरंजीवर बसून गरम भाकरी खातात हा देखावा आपल्याकडे नवा आहे. त्याला परंपरा म्हणून मिरवू नका. ती मिळवायची गोष्ट आहे.

परंपराच हवी असेल तर गंगाखेडची घ्या. जनाबाईचं ते गाव. तिच्या जात्याला विठ्ठलानं हात लावला असं आपण कित्येक शतकं भक्तीनं सांगत आलो. देवानं दळलेलं चालतं, मग नवऱ्यानं भाकरी थापली तर शेजारी खिडकीतून का बघतात?

भाकरी थापणं ही काही बायकांना जन्मजात मिळालेली कला नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून आधणाचं पाणी घालायचं, त्यानं पीठ जरा शिजतं आणि धरून राहतं. मग तळहाताच्या मुळानं रगडून रगडून मळायचं. पीठ आठवडाभराहून जुनं असलं की त्याची विरी जाते आणि भाकरी कडेनं चिरते, मग दोष हाताचा नसतो, डब्याचा असतो. थोडं थोडं दळून आणायचं, एवढंच. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि दुसरी बाजू भाजली की विस्तवावर फुगवायची. पंधरा दिवसांत कुठल्याही धडधाकट पुरुषाला हे येतं. पहिल्या पंधरा दिवसांच्या भाकऱ्यांचे नकाशे निघतात; खाऊन टाकायचे. घरात एकानं भाकरी, एकानं कालवण, पोरांनी ताटं-पाणी आणि कांदा फोडणं, असं वाटून घेतलं की चौथा आक्षेप मोडतो. वाटून घेतलं नाही तर तो तसाच राहतो, आणि मग बाईनं बाहेरून मागवलं तर तिला बोलायचा अधिकार कुणालाही नाही.

राहिला प्रश्न सगळ्यांनी एका वेळी बसण्याचा. इथं नोकरी करणाऱ्या बाईकडे बोट दाखवायची रीत आहे. ती संध्याकाळी साडेसहाला घरात असते. मोंढाही आठ-साडेआठला आवरतो. साडेनवाला घरी येतं ते दहावीचं पोर, कारण क्लासची शेवटची बॅच नऊला सुटते आणि त्याआधीच्या बॅचला जागा नसते. परभणीतल्या किती घरांचं रात्रीचं जेवण या एका वेळापत्रकानं फोडलंय याचा हिशेब कुणी मांडत नाही. पोर सायकलवरून येतं, झाकून ठेवलेलं ताट उघडतं आणि मोबाइलसमोर एकटं जेवतं. आईबाप दमून टीव्हीसमोर. पालकांच्या बैठकीत फी कमी करा म्हणून भांडणारे खूप बघितले. पोरं आठाच्या आत सोडा म्हणून भांडलेला पालक अजून मला भेटायचा आहे.