त्यांचं उत्तन आणि आपली बंद पडलेली शाळा

मागच्या रविवारी पिपरी मेघेच्या विहारात पोरांना विचारलं, विनय सहस्रबुद्धे कोण? कोणालाच सांगता आलं नाही. मोदी-शहांना शिव्या घालायला मात्र सगळे तयार!

मित्रांनो, हा माणूस अभाविपचा पूर्णवेळ कार्यकर्ता होता. १९८२ साली स्थापन झालेल्या रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीत त्यांनी वर्षानुवर्षे काम केलं. भाईंदरजवळच्या उत्तनला लोकप्रतिनिधींची शिबिरं घेतली, अभ्यासगट उभे केले. भाजपचे राष्ट्रीय उपाध्यक्ष झाले, २०१६ ते २०२२ राज्यसभेत बसले. लोकांमधून एकही निवडणूक न जिंकता! २०१७ पासून तर तिथे राजकारणात येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो.

ही कल्पना मुळात कोणाची? १ जुलै १९५६ ला बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणाचं प्रशिक्षण देणारी शाळा सुरू केली. प्राचार्य होते शां. शं. रेगे. म्हणजे उत्तनच्या अभ्यासक्रमाच्या ६१ वर्षं आधी! ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि काही महिन्यांतच शाळा बंद पडली. आपण गट मोजत बसलो. कांशीरामांनी केडर कॅम्प घेतले, पण त्यांचीही कायमची शाळा आपण उभी केली नाही.

उत्तनला सर्व पक्षांचे लोक शिकायला जातात, त्यात राखीव जागेवरचे आपलेही असतात. तिथे सुशासन शिकवतात. पण ज्या गावात स्मशानभूमीही जातीनं वाटलेली आहे, त्या गावाचं सुशासन म्हणजे काय, हा प्रश्न संघाच्या मुशीतून आलेली संस्था आपल्यासाठी विचारेल का? आपला माणूस आपण घडवला नाही, तर तो त्यांच्या साच्यात घडणार. मग 'विकला गेला' म्हणून आपण बोंबलणार. त्याला आपण काय शिकवलं होतं?

सहस्रबुद्धेंची विचारधारा मला मान्य नाही, कधीच होणार नाही. पण त्यांची चिकाटी नाकारून आपलं भागणार नाही.

उत्तनसारखी इमारत आपल्याकडे नाही. विहार तर आहे? दर रविवारी वंदनेनंतर दोन तास बसू. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक आणू. स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, ते कुठे गेले ते वाचू. आपल्या सदस्यालाही शेजारी बसवू. बाबासाहेबांची शाळा पुन्हा उघडायला एक सतरंजी पुरेशी आहे.

जय भीम!